ज्येष्ठमध भांड्यातच राहतं

जिन मी पिते त्यापेक्षा हुंगते जास्त. हे सांगितलं की लोक हसतात, पण खरंच, दोन घोटांत माझी हौस फिटते आणि नाक मात्र तासभर ग्लासातून बाहेर यायला तयार नसतं. परवा दुपारी मैत्रिणीकडे टंगळमंगळ चालली होती, तिला जिनच्या एका रिकाम्या बाटलीत वेल लावायचा होता म्हणून बाटली धुवायला काढलेली, आणि मी सवयीनं बूच उघडून वास घेतला तर एकदम कंपासपेटी! पेन्सिलीला टोक केल्या केल्या येतो ना, अगदी तोच.

पेन्सिलीला टोक करणं हे शाळेतलं माझं सगळ्यात आवडतं काम होतं. वर्गाच्या कोपऱ्यात कचऱ्याचा डबा, "बाई, टोक करायला जाऊ?" असं विचारायचं आणि तिथे जाऊन उभं राहायचं. तिथे आधीच कुणीतरी उभं असायचं, मग दोघांच्या पेन्सिलींना टोक येता येत नसे. साल न तुटता किती लांब निघते यावर पैजा लागायच्या, तिची ती रंगीत झालर असलेली गोल गोल चकती मी वहीच्या पानांत ठेवायचे आणि मग गणिताच्या तासाला वही उघडून हळूच वास घ्यायचे. गणित काही सुधारलं नाही त्यानं.

आता गंमत अशी की हे अगदीच उगाच नाही. अमेरिकेत ज्या लाकडाच्या चांगल्या पेन्सिली व्हायच्या त्याला सगळे रेड सीडर म्हणतात, पण ते झाड आहे ज्युनिपरच, ज्युनिपेरस व्हर्जिनियाना, म्हणजे जिनमध्ये ज्या ज्युनिपर झुडपाची फळं वासासाठी घालतात त्याचं चुलत भावंडच. ती झाडं पुढे इतकी तोडली गेली की विसाव्या शतकात कारखान्यांनी कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्याच एका झाडाचं लाकूड धरलं. शिवाय लाकडाचा वास आणि फळाचा वास वेगवेगळ्या रेणूंमुळे येतो, त्यामुळे माझी पेन्सिल आणि ती बाटली यांचं नातं रसायनशास्त्रात फारसं टिकत नाही. न टिकू दे. नाक ऐकत नाही त्याला मी काय करू.

ज्युनिपरच्या फळात मुख्य असतो अल्फा-पायनीन नावाचा वासाचा रेणू, पाइनच्या झाडांत असतो तोच. टर्पेंटाईनमध्ये, म्हणजे रंग पातळ करायच्या तेलातही तोच भरपूर. म्हणून तर अठराव्या शतकात लंडनमध्ये जिनचं पेव फुटलं होतं तेव्हा हलकी जिन करणारे ज्युनिपरऐवजी सरळ टर्पेंटाईन ओतायचे. विकत घेणाऱ्याच्या नाकाला फरक कळला तरी खिशाला परवडणारी तीच. १७३६ मध्ये सरकारनं कायदा करून विक्रीच्या परवान्याला वर्षाला ५० पौंड लावले, तर परवाने जवळजवळ कुणीच घेतले नाहीत आणि विक्री मात्र चालूच राहिली. त्या लोकांना डोकेदुखी काय होत असेल कुणास ठाऊक, पण टर्पेंटाईनच निवडणाऱ्याचं नाक तयार होतं हे मानावंच लागेल.

बाकी जिन म्हणजे मुळात काय, तर धान्याचं किंवा आणखी कशाचं तरी, जवळजवळ काहीच चव नसलेलं कडक अल्कोहोल. त्याला स्वतःचं असं काही म्हणायचंच नसतं. त्यात ज्युनिपर, धने, अँजेलिकाचं मूळ, लिंबा-संत्र्याच्या साली, कधी वेलदोडे, दालचिनी, कंकोळ असं घालायचं, काहीजण रात्रभर भिजत ठेवतात, आणि मग तापवून वाफ करून ती वाफ पुन्हा थंड करायची. काहीजण भिजवत नाहीत, जाळीच्या टोपलीत सगळं वर टांगतात आणि खालून वाफ जाऊ देतात, त्यानं म्हणे वास हलका उतरतो. सगळं एकदम येत नाही. गाडी थांबली की जवळ सामान नसलेले पटापट उतरतात आणि बोजेवाले शेवटी, तसं आधी लिंबू-संत्रं येतं, मग ज्युनिपर आणि धने, आणि शेवटी रेंगाळत रेंगाळत मुळं. अगदी पहिली आणि अगदी शेवटची धार बाजूला काढतात. कुठे थांबायचं हे ठरवायला आकडे असतात, पण गाळणारा माणूस शेवटी तिथे उभा राहून वासच घेत असतो. या नोकरीबद्दल मला शाळेत कुणीच कसं सांगितलं नाही!

आणि या सगळ्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ज्येष्ठमध. बऱ्याच जिनमध्ये ज्येष्ठमध असतं. चघळलं की तोंडभर गोडी पसरते, कारण त्यातलं ग्लिसिरायझिन साखरेच्या कितीतरी पट गोड. पण हा रेणू जड, तो वाफेबरोबर वर जातच नाही. सगळी गोडी खाली भांड्यात राहते आणि गाळ म्हणून टाकली जाते. कडू साली घातल्या तर त्यांचा खरा कडूपणाही बराचसा खालीच राहतो, रंगही. जे उडू शकतं तेवढंच बाटलीत येतं. म्हणजे एवढी सगळी झाडं-मुळं-साली घालून जिभेच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही, जी काही चव म्हणतो आपण ती सगळी नाकाची. नाक चिमटीत धरून घोट घेऊन बघा, नुसती आग. मग हात सोडा, एकदम जंगल. तरी लोक चाखून लिहितात की ज्येष्ठमधाची छान गोडी जिभेवर रेंगाळते. रेंगाळत असेल बापडी. गोड वाटणारा वास असू शकतो, हे मला मान्य आहे, पण जिभेला उगाच श्रेय देऊ नका एवढंच म्हणणं.

धन्यांचंही तसंच. कोथिंबिरीचा वास वेगळा आणि धन्यांचा वेगळा, एकाच झाडाची पानं आणि फळं असून. धन्यात लिनॅलूल नावाचा रेणू असतो, लव्हेंडरमध्येही तोच, पण धन्यांचा वास लिंबाकडे झुकतो, त्यामुळे ज्या जिनला लिंबासारखा वास येतो असं वाटतं त्यात कधी कधी लिंबू कमी आणि धनेच जास्त असतात.

पण खरी कमाल ऑरिसची. हे आयरिस फुलाचं मूळ, खरं तर जमिनीतलं खोड. झाड लावल्यावर दोन-तीन वर्षांनी खणायचं, सोलायचं, वाळवायचं. ताज्या खोडाला सांगण्यासारखा काही वास नसतो, कच्च्या भाजीइतपतच. मग ते नुसतं ठेवून द्यायचं, आणखी दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त. त्या काळात हवेशी त्याचं हळूहळू काहीतरी चालू असतं आणि त्यातून आयरोन नावाचे रेणू तयार होतात, मग व्हायोलेटच्या फुलांचा, पावडरसारखा वास येतो. हे ज्यानं पहिल्यांदा शोधलं त्याचा मला फार विचार येतो. वास नसलेलं मूळ वाळवून वर्षानुवर्षं कोनाड्यात विसरायचं आणि एक दिवस उघडून बघायचं, हे मुद्दाम कोण करेल? कुणाच्या तरी आळसातूनच आलेलं असणार. आम्हा पसारा न आवरणाऱ्या लोकांचाही कुठेतरी मान राहिला पाहिजे.

आता लेबलांबद्दल थोडं बोलते कारण ते बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही. चार वनस्पतींवर भागवणारी जिन आहे, टँकरे, ज्युनिपर, धने, अँजेलिका, ज्येष्ठमध, संपलं. आणि जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधली एक आहे, नावातच ४७, घटकही ४७. चांगलीच आहे म्हणतात, असेल. पण ४७ कुणाला कळतात? डेव्हिड लेंग नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९८९ मध्ये माणसांना वासांची मिश्रणं हुंगायला दिली होती. तीन-चारच्या पुढे गेलं की सुटे सुटे वास ओळखताच येईनात. पुढे अत्तराच्या धंद्यातले तयार लोक बसवले तरी फार फरक पडला नाही. सगळं मिळून एकच नवा वास होतो, आणि आपण त्यात शोधत बसतो, हा वेलदोडा, ही दालचिनी. मला तरी यादी वाचून झाल्यावरच दालचिनी येते. यादी झाकून ठेवली तर पेन्सिल.

बरं, या ४७ मधले ४६ बदलता येतील, ज्युनिपर नाही. युरोपच्या कायद्यात तर ज्युनिपरची चवच ठळक असली पाहिजे असं लिहिलंय, आणि अल्कोहोल किमान ३७.५ टक्के. आणि हा एवढा सक्तीचा ज्युनिपर बहुतेक ठिकाणी शेतात लावत नाहीत. इटलीत, मॅसिडोनियाकडे डोंगरउतारांवर तो आपला आपण वाढतो, लोक फांदीखाली टोपली धरून वर काठीनं झोडपतात. पिकलेली निळी-काळी तेवढी पडतात आणि हिरवी फांदीवर राहतात, कारण एक फळ पिकायला दोन-तीन वर्षं लागतात आणि एकाच झुडपावर यंदाची आणि मागची शेजारी शेजारी असतात. फळ म्हणायचं आपलं, वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो पाइनसारखाच शंकू आहे, मऊ झालेला.

ब्रिटनमध्ये एवढी जिन होते पण तिथला स्वतःचा ज्युनिपर कमी होत चाललाय. झुडपं म्हातारी झालीत, नवं रोप उगवलं की ससे आणि मेंढ्या खातात. नर झाड वेगळं, मादी वेगळं, मधलं अंतर वाढलं की बी धरणंही अवघड. त्यात फायटॉफ्थोरा ऑस्ट्रोसिड्री नावाचा रोग २०११ च्या सुमाराला तिथल्या ज्युनिपरवर सापडला. तो मुळांतून शिरतो, झुडूप तपकिरी होऊन वाळतं, औषध नाही. माती आणि पाण्यातून पसरतो, म्हणून अशा डोंगरांवर फिरायला येणाऱ्यांना सांगतात की बूट घासून, धुवून, वाळवून या, आणि परत जातानाही तेच करा.