एकाच आईची दोन लेकरं आणि पहिल्या चोवीस तासांतलं इंजेक्शन

मी कोल्हापूर जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि लेबर रूममध्ये अशा बायका यायला लागतात ज्यांचे सगळे रिपोर्ट गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत असतात. ही त्यातलीच एक. रात्रीची वेळ, कळा जोरात, फडातून आलेली, सोबत नवरा, सासू, सासूच्या कडेवर तीन वर्षांची मोठी मुलगी आणि मागून मुकादम. रिपोर्ट काहीच नाहीत म्हणून आम्ही सगळ्या तपासण्या रॅपिड कार्डवर केल्या. एचआयव्ही निगेटिव्ह, सिफिलिस निगेटिव्ह, आणि हेपेटायटिस बी, म्हणजे लिव्हरला सूज आणणाऱ्या बी विषाणूच्या कार्डवर दोन रेघा, म्हणजे पॉझिटिव्ह.

तिला कावीळ नव्हती बरं का. डोळे पांढरे स्वच्छ, जेवण व्यवस्थित, त्या दिवशी दुपारपर्यंत मोळ्या बांधत होती. लोकांना वाटतं लिव्हरचा आजार म्हणजे माणूस पिवळा दिसणारच, पण बी आणि सी हे दोन्ही वर्षानुवर्षं काही न दाखवता आत राहू शकतात.

डिलिव्हरी नॉर्मल झाली, मुलगा. अशा वेळी आमच्या डोक्यात एकच गोष्ट असते, घड्याळ. बाळाला जन्माच्या वेळी आईकडून बी ची लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांमध्ये तो विषाणू कायमचा मुक्कामाला राहतो, आणि तीच लागण मोठ्या माणसाला झाली तर शंभरातल्या पाचेक जणांमध्येच तसा राहतो, बाकीच्यांचं शरीर त्याला स्वतःच हाकलून देतं. म्हणून चोवीस तासांच्या आत लस, जितकी लवकर तितकी चांगली. बाळाच्या अंगावरचं रक्त नीट पुसलं, मांडी स्वच्छ केली आणि बर्थ डोस दिला, अर्धा एमएल. पण आई पॉझिटिव्ह असेल तर लसीसोबत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन पण द्यायचं असतं. लस बाळाच्या शरीराला अँटीबॉडी, म्हणजे विषाणूशी लढणारे घटक बनवायला शिकवते, त्याला वेळ लागतो, आणि इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार अँटीबॉडीच, तेवढ्या मधल्या काळासाठी. सरकारी कार्यक्रमात ते फुकट मिळतं पण त्या रात्री आमच्या फ्रीजमध्ये नव्हतं. डॉक्टरांनी कोल्हापूरला फोन लावला, तिथे होतं. मुकादम म्हणाला माझी गाडी आहे, मी आणि हिचा नवरा जातो. मी व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लस थंड ठेवायचा डबा दिला आणि दोघांना तीनदा बजावलं की बर्फाला थेट चिकटू द्यायचं नाही, गोठलं तर वाया.

निघायच्या आधी मुकादमाने मला बाजूला घेऊन विचारलं, "सिस्टर, कोप्यांत सगळ्यांना पसरंल का? टोळी हलवू का?" त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, कारण आमच्या भागात 2012 ची इचलकरंजीची काविळीची साथ लोक विसरलेले नाहीत, ती पाण्यातून आलेली हेपेटायटिस ई ची होती. ए आणि ई हे दोन दूषित पाण्यातून, अन्नातून जातात, बहुतेक माणसं काही आठवड्यांत आपोआप बरी होतात, त्या विषाणूवर वेगळं औषध घ्यावं लागत नाही. फक्त ई गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकतो, म्हणून त्यांना पाणी उकळूनच द्यायला हवं. हे बी चं प्रकरण वेगळं, ते रक्तातून, संबंधातून, आईकडून बाळाला. एका ताटात जेवून, हातपंपावर पाणी भरून होत नाही. तो ऐकून घेत होता, मग म्हणाला बरं, आणि गेला.

खरी अडचण सासूची होती. ती काही रागावलेली नव्हती, उलट सुनेच्या काळजीने रडत होती आणि तिच्याकडे तिचं स्वतःचं उत्तर होतं. "आवं बाई, माझ्या भावाला डायलिशिसमधी ते सी वालं झालं होतं. तीन महिने गोळ्या खाल्ल्या अन् डॉक्टर म्हणले संपला रोग. त्याच गोळ्या हिला द्या ना." आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतंच. सी वर सोफोसबुव्हिर आणि सोबत दुसरी गोळी, साधारण बारा आठवडे, आणि शंभरातले पंच्याण्णवच्या वर लोक पूर्ण बरे होतात. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या हेपेटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे सगळं मोफत आहे. सी ला लस नाही पण तो बरा होतो, बी ला पक्की लस आहे पण एकदा मुरला की मुळासकट जात नाही, हे कुणालाही उलटंच वाटणार.

मी तिला तिच्याच कामातलं सांगितलं. म्हटलं मावशी, ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत राहतो आणि खोडवा फुटतो ना, बी तसा आहे. तो लिव्हरच्या पेशीच्या केंद्रकात आपली प्रत ठेवून देतो, गोळी रोज घेतली तर वर फुटत नाही, लिव्हर वाचतं, पण बुडखा राहतो. सी केंद्रकात असलं काही ठेवत नाही म्हणून गोळ्यांनी साफ होतो. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मंग ही मरती का?" नाही हो मावशी. अमिताभ बच्चनला 1982 च्या शूटिंगच्या अपघातात जे रक्त चढवलं त्यातून हाच बी मिळाला, त्यांनी स्वतः जाहीर सांगितलंय, आणि अजून काम करतायत. हे ऐकून तिचा चेहरा जरा सैल झाला. दूध पाजायचं का विचारलं, हो पाजायचं, बिनधास्त.

पहाटे कॅरिअर आला आणि दुसऱ्या मांडीत ते इंजेक्शन गेलं.

सकाळी डॉक्टरांनी घरच्या सगळ्यांची तपासणी करायला सांगितली. नवरा निगेटिव्ह, त्याला त्याच दिवशी लसीचा पहिला डोस. सासू निगेटिव्ह. आणि मोठी मुलगी पॉझिटिव्ह. ती तीन वर्षांपूर्वी अशाच हंगामात कोपीत जन्मली होती, टोळीतल्याच एका म्हातारीने नाळ कापली होती. तिचं लसीकरणाचं कार्ड नंतर गावाकडून फोटो काढून मागवलं, त्यात दीड महिन्यापासूनचे पेंटाव्हॅलंटचे, म्हणजे पाच आजारांच्या एकत्र लसीचे, तिन्ही डोस अगदी वेळेवर, त्या पेंटामध्ये बी ची लस असतेच, पण जन्माच्या डोसचा रकाना रिकामा. ज्या आईने ऊसतोड करत करत तिन्ही डोस चुकवले नाहीत तिला निष्काळजी कुणी म्हणू नये, मला त्याचा फार संताप येतो. ते लेकरू फडाच्या कडेला जन्मलं आणि तिथे पहिल्या दिवशी लस घेऊन कुणी पोचलं नाही, एवढंच घडलं होतं.

मुलीचं पुढे काय हे आईला मी बसून सांगितलं. आत्ता ती खेळते खाते, तिला वेगळं ताट नाही, अंगणवाडीत कुणापासून लांब ठेवायचं नाही. दर सहा महिन्यांनी लिव्हरची तपासणी, गरज पडली तर गोळी. आईला पण तेच, आणि पुढचं बाळंतपण असेल तर आधीच व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, तपासून घ्यायचा कारण जास्त असेल तर सातव्या महिन्यापासून टेनोफोव्हिरची गोळी देतात, बाळाकडे जाण्याची शक्यता अजून कमी होते.

बाळाचा दीड महिन्याचा डोस कारखान्याच्या तळावरच झाला, पुढचे गावाकडे. दहाव्या महिन्यात नवऱ्याचा फोन आला, बाळाचं रक्त तपासलं, बी निगेटिव्ह आणि अँटीबॉडी तयार झालेल्या. मुलीचं नाव बीडच्या उपचार केंद्रात नोंदवलंय, सध्या गोळीची गरज नाही म्हणाले. येत्या हंगामात त्यांच्या टोळीत दोघी गरोदर आहेत असं तो म्हणाला, तर मी त्यांचे रिपोर्ट निघायच्या आधी मोबाईलमध्ये फोटो काढून पाठवायला सांगितलेत आणि इकडे इम्युनोग्लोब्युलिनची मागणी डॉक्टरांकडून आधीच करून घेतलीय.