नारायणगंजचे गोदाम

तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील नारायणगंजमधील आजोबांच्या तागाच्या गोदामाचा दावा घेऊन एक कुटुंब आमच्या मुंबईच्या कचेरीत आले, तेव्हा आमच्या ज्येष्ठ वकिलांनी फाइल न उघडताच तो मुदतबाह्य ठरवला. निष्कर्ष बहुधा बरोबरच होता. न वाचता मत देण्याची खोड मात्र मला खपत नाही, म्हणून कागद मी मागून घेतले.

१९६५च्या युद्धात पाकिस्तानने ते गोदाम मालासकट शत्रुसंपत्ती म्हणून, म्हणजे शत्रुदेशाच्या नागरिकाची मालमत्ता म्हणून, ताब्यात घेतले होते. १० जानेवारी १९६६च्या ताश्कंद जाहीरनाम्यात अशी मालमत्ता परत करण्याबाबत दोन्ही देश चर्चा करतील, एवढेच मान्य झाले. पाकिस्तानने १९७१ सालीच तिची विल्हेवाट लावली आणि त्याच वर्षी भारत सरकारने आपल्या नागरिकांना पडताळणी झालेल्या दाव्याच्या २५ टक्के रक्कम सानुग्रह अनुदान म्हणून, म्हणजे कोणताही हक्क मान्य न करता, देऊ केली.

फाइलमधील हिशेबाने मला सर्वांत जास्त गुंतवले. मालाची किंमत पाकिस्तानी रुपयांत होती आणि आजोबांनी ती तेवढ्याच भारतीय रुपयांत मांडली होती. जप्तीच्या दिवशी ते योग्यच होते, कारण दोन्ही देशांत डॉलरचा दर ४.७६ रुपये होता. ६ जून १९६६ रोजी आपल्या रुपयाचे अवमूल्यन होऊन तो दर ७.५० झाला, पाकिस्तानचा मात्र तोच राहिला; त्यामुळे पाकिस्तानातल्या शंभर रुपयांच्या मालाचे इथे सुमारे १५७ रुपये व्हायला हवे होते. व्यापारी माणसाने हे सोडून द्यावे, याचे नवल वाटते.

कायद्याची बाजू अधिक अवघड निघाली: दुसऱ्या देशाने घेतलेल्या मालमत्तेची भरपाई आपल्याच सरकारकडे मागता येते का? इटलीशी १९४७ साली झालेल्या शांतता तहाच्या ७९व्या कलमात, दोस्त राष्ट्रांनी घेतलेल्या मालमत्तेची भरपाई इटलीने आपल्या नागरिकांना द्यावी, असे स्पष्ट बंधन होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानशी झालेल्या सॅन फ्रान्सिस्को तहात जपानवर तसे बंधन नव्हते; कॅनडातील मालमत्ता गमावलेल्या जपानी नागरिकांचा दावा जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९६८ रोजी, हे युद्धाचे नुकसान असून राज्यघटनेतील भरपाईच्या तरतुदीत बसत नाही, असे म्हणून फेटाळला. तिथे निदान सरकारने तहावर सही करून नागरिकांची मालमत्ता सोडून दिली, असा युक्तिवाद तरी करता येत होता. ताश्कंदमध्ये आपण काहीच सोडले नाही, फक्त चर्चेचे ठरवले. त्यामुळे सरकारने नागरिकाचा हक्क दुसऱ्या देशाला देऊन टाकला, असे म्हणायलाही आधार उरत नाही.

नातवाने विचारले, “साहेब, इथली शत्रुसंपत्ती सरकार विकते, मग त्या पैशांतून आमचे उरलेले ७५ टक्के का देत नाही?” विक्रीची रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते आणि अशा दावेदारांचा तिच्यावर हक्क सांगणारी तरतूद शत्रुसंपत्ती कायद्यात नाही, हे मी त्यांना सांगितले. लेखी मतात मात्र त्यांचा प्रश्न जसाच्या तसा घातला आणि याचे उत्तर न्यायालयाकडून नव्हे, संसदेकडून मागावे लागेल, असे खाली लिहिले.