राखीव यादीतला निबंध

आमच्या तत्त्वज्ञानाच्या चर्चासत्रात नव्या संशोधकांचं एक सत्र असतं आणि त्याची निवड माझ्याकडे असते. पीएचडी चालू असलेली किंवा नुकतीच झालेली मुलंमुली, वीस मिनिटं मांडणी, दहा मिनिटं प्रश्न. सारांश माझ्याकडे नाव झाकून येतात.

निवड विचारांवर होते असं बाहेरच्यांना वाटतं. बरीचशी परिभाषेवर होते. मराठीत समकालीन तत्त्वज्ञान लिहायचं तर संज्ञा घडवण्यापासून सुरुवात. बोलणारा कोण आहे यावरून त्याच्या शब्दाचं वजन कमी धरायचं आणि 'जाणता' म्हणूनच त्याच्यावर अन्याय करायचा, या प्रकाराला तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७च्या पुस्तकात 'टेस्टिमोनियल इन्जस्टिस' म्हटलं. एका सारांशात त्याला 'आप्ताची अवहेलना' असा शब्द होता. मी चिडलो. न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेतला शब्द उगाच चिकटवलाय असं ठरवलं आणि निबंध राखीव यादीत टाकला. ऐनवेळी एकाचं येणं रद्द झालं म्हणून तो लिहिणाऱ्या मुलीला बोलावलं. वेळ मिळाली जेवणानंतरची.

तिने फळ्यावर वात्स्यायनाच्या न्यायभाष्यातलं, म्हणजे न्यायसूत्रांवरच्या भाष्यातलं, वाक्य लिहिलं: 'ऋष्यार्यम्लेच्छानां समानं लक्षणम्'. आप्त म्हणजे ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो तो. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण एकच. हे वाक्य मी वर्षानुवर्षं शिकवत आलोय. त्यानंतर ती म्हणाली, "माझी माय ऊसतोडीला जाते. पोटात कळा येतात म्हणून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी माझ्या सोळा वर्षांच्या भावाला विचारलं, काय होतंय यांना? माय सांगत होती. लिहिलं गेलं ते भाऊ बोलला ते."

पेंगणारा हॉल जागा झाला. पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठांनी विचारलं, "हे समाजशास्त्र झालं. यात तत्त्वज्ञान कुठे आहे?" हा प्रश्न आमच्याकडे नव्या मुलांनाच विचारला जातो, याची मला फार चीड आहे.

ती शांतपणे म्हणाली, "सर, स्वतःच्या कळा मायनेच जाणल्या होत्या. सांगायची इच्छाही होती. आप्ताच्या अटी पुऱ्या झाल्या, तरी डॉक्टरांना ज्ञान झालं नाही. मग उणीव कुठे शोधायची?" कुणीतरी आकांक्षा, योग्यता, सन्निधीची, म्हणजे शब्दांना एकमेकांची गरज, अर्थाचा मेळ आणि जवळीक असावी या अटींची, आठवण करून दिली. "त्या वाक्याच्या अटी आहेत," ती म्हणाली. "आप्ताच्या अटी बोलणाऱ्याच्या. ऐकणाऱ्याच्या अटी मला हव्या आहेत..."

तिथे मी घंटी वाजवली. वेळ संपली होती, नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. पण सकाळी त्याच ज्येष्ठांना मी आठ मिनिटं जास्त दिली होती.

रात्री तिचा सारांश पुन्हा काढला. शब्द चिकटवलेला नव्हताच. 'टेस्टिमोनी'ला 'साक्ष' म्हटलं की कोर्टातला साक्षीदार डोळ्यांपुढे येतो, ज्याला शंकेनेच ऐकायचं असतं. 'आप्त' म्हटल्यावर ज्याचं मान्य करायला हवं होतं तो माणूस दिसतो. तिला अन्याय नेमका तिथे दाखवायचा होता. दुसऱ्याच परिच्छेदात ते लिहिलेलं होतं. शीर्षकापाशीच थांबून मी गुण दिले होते की काय, हे मला आता आठवत नाही, आणि तेच डोक्यातून जात नाही.

तिच्याकडे पूर्ण लेख मागितला. काल कच्चा खर्डा आला. चौथ्या भागाचं शीर्षक आहे 'श्रोत्याच्या अटी'. खाली दीड पान कोरं आहे. पुढच्या महिन्यात ती विभागात येणार आहे, तेव्हा त्यावर बसायचं ठरलंय. दुपार पूर्ण मोकळी ठेवली आहे.