हजेरीपटात सापडलेली पाळी

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मेडिकल ऑफिसर आहे, म्हणजे गाडीत वजनकाटा, उंचीची पट्टी आणि डोळे तपासायचा तक्ता टाकून शाळा-अंगणवाड्या फिरायच्या. टीममध्ये दोन डॉक्टर, फार्मासिस्ट, सिस्टर. एका शाळेत वर्षातून एकदाच जाणं होतं आणि दिवसाला शंभराच्या वर पोरं बघायची असतात, त्यामुळे एका पोराच्या वाट्याला किती मिनिटं येतात ते समजून घ्या.

कोल्हापूरकडचं उसाच्या पट्ट्यातलं गाव, सप्टेंबरची 28 तारीख. तपासणी संपल्यावर आठवी ते दहावीच्या मुलींना मी पाळीबद्दल माहिती देते, तसं वर्गात गेले. सरांनी मुलांना लगेच ग्राउंडवर पिटाळलं. मला हे अजिबात पटत नाही, याच पोरांच्या घरी आई-बहिणी आहेत, उद्या बायको असेल, पण दर शाळेत मी एकटी किती भांडू.

बहुतेक ठिकाणी हे सेशन म्हणजे पॅड कसं लावायचं, कागदात कसं गुंडाळायचं, लोहाच्या निळ्या गोळ्या खा, की झालं. मी तसं करत नाही. मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेते आणि फळ्यावर अख्खा महिना काढते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती निरोप पाठवते, मग बीजकोषात बीज पिकायला लागतं, तिकडे गर्भाशयात आतून अस्तर चढत जातं, बीज बाहेर पडलं की ते जेमतेम 12 ते 24 तास जगतं, गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन खाली येतं आणि ते अस्तर सुटून बाहेर येतं, ती पाळी. मोजायचं ते पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत, पाळी संपल्यापासून नाही, इथे मुली काय, मॅडम लोकसुद्धा चुकतात. आणि 28 दिवस हा आकडा काही दगडावर कोरलेला नाही, सुरुवातीची वर्षं 21 ते 45 दिवस काहीही असू शकतं, कारण दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही. एका पाळीत रक्त साधारण 30 ते 40 मिली जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे, हे सांगितलं की मुली एकमेकींकडे बघायला लागतात, कारण त्यांना वाटतं अंगातलं निम्मं रक्त जातंय. त्या दिवशी तर तिघी निघाल्या ज्यांना गौरीच्या वेळी आयांनी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, डॉक्टरला न विचारता. चौदा वर्षांच्या पोरीला! मला फार राग आला, तो मी मुलींवर काढला नाही एवढंच.

शेवटच्या बाकावर एक नववीतली मुलगी पोटावर हात दाबून वाकून बसली होती. सगळ्या उठल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, पाळी सुरू व्हायच्या आधीपण दर महिन्याला दुखतं का?"

मी आवराआवर करत होते, खाली ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी म्हटलं, "होतं गं कधी कधी, येईल आता लवकरच." आणि दोन पावलं गेलेसुद्धा. मग "दर महिन्याला" हा शब्द कानात राहिला म्हणून वळले. विचारलं कधीपासून, तर म्हणाली लई दिवस झाले. तारखा आठवतात का? नाही. वर्गशिक्षिका बाई म्हणाल्या ही अशीच आहे, सारखी पोटदुखीची कारणं सांगून दांड्या मारते. म्हटलं हजेरीपट आणा.

तो हजेरीपट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तिच्या नावापुढची आडवी ओळ, त्यात लाल पेनाने गैरहजरीच्या फुल्या. 3 जुलैपासून तीन दिवस. 1 ऑगस्टपासून दोन. 28 ऑगस्टपासून तीन. 27 सप्टेंबरला एक, आणि आज आमची गाडी येणार म्हणून ती आली होती. मी बोटाने दिवस मोजले. 29, 27, 30. म्हणजे पोरीचं चक्र व्यवस्थित चालू होतं, फक्त रक्त बाहेर दिसत नव्हतं. बाईंनी स्वतःच्या हाताने त्या फुल्या मारल्या होत्या आणि त्यांना दिसल्या त्या दांड्या.

मुख्याध्यापकांच्या खोलीत सिस्टरला बरोबर घेऊन तिचं पोट तपासलं. बेंबीच्या खाली घट्ट गोळा हाताला लागला. सकाळपासून लघवीही नीट होत नव्हती. बाई दारातून माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मॅडम, काही भलतंच तर नाही ना?" मला त्यांचा प्रश्न कळला. वाईट एवढंच वाटलं की दांड्यांवरून त्या थेट तिथे पोचल्या, मध्ये कुठे आजार हा शब्दच नाही.

माझा अंदाज होता तेच निघालं. योनीमार्गाच्या तोंडाशी जो पातळ पडदा असतो त्याला एरवी वाट असते, काही मुलींत तो जन्मतःच पूर्ण बंद असतो. पाळी सुरू होते, रक्त आत साठत राहतं, मार्ग फुगतो, पुढे लघवीच्या पिशवीवर दाब येतो. त्याच दुपारी तिला आणि आईला घेऊन आम्ही हॉस्पिटलला गेलो, सोनोग्राफी झाली, दुसऱ्या दिवशी छोटं ऑपरेशन. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी पडद्याला छेद दिल्यावर जे आलं ते काकवीसारखं, काळपट, दाट, जवळजवळ पाऊण लिटर. किती महिन्यांचं होतं कोण जाणे. पोर शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलली, "हलकं वाटतंय."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आईने मला कोपऱ्यात नेलं. "अवो मॅडम, पडदा कापणार म्हंजे पुढं लग्नाला काय हुईल? आमाला कागुद लिवून द्या." लिहून दिला स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी, काय आजार होता आणि काय केलं ते. बापाने पाहुण्यांना अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगितलं. त्याला मी दोष देणार नाही, पण या खोटेपणाचा तोटा असा की त्या भावकीत पुढे दुसऱ्या एखाद्या पोरीला असं झालं तर कुणालाच काही माहीत नसणार.

घरी आल्यावर मी मागच्या वर्षीचं रजिस्टर काढलं. तिच्या नावापुढे माझ्याच अक्षरात होतं, "पोटदुखी. जंत? अल्बेंडाझोल दिली." पुढे पाळीचा रकाना, सुरू झाली का, हो की नाही, तिथे "नाही". पोटदुखी आणि "नाही" हे दोन शब्द एकाच ओळीत बोटभर अंतरावर आणि मी ते जोडले नाहीत. दुखतं ते कधी, एवढं विचारलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं पोरीचं. दहावीच्या पुस्तकात पाळीचा धडा सविस्तर येतो, ती सहावी-सातवीत सुरू होते, यावर मी मीटिंगांमध्ये तावातावाने बोलत आलेय. पण मीसुद्धा मुलींना विचारत होते ते "आली का", म्हणजे रक्त दिसलं का. महिना मोजायला शिकवत होते ते फक्त जिला पाळी आली तिला. आता मी तेरा-चौदाच्या, पाळी न आलेल्या प्रत्येक मुलीला विचारते, महिन्याच्या ठरावीक दिवसांत पोट दुखतं का, आणि पोटदुखीची तक्रार असेल तर हजेरीपट मागवते. काही सर वैतागतात. वैतागू देत.

टाके बघायला आली तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, मग मोजायला सुरुवात कुठून करू? ऑपरेशनपासून?" मी म्हटलं नाही, तुला 27 सप्टेंबर आधीच मिळालाय, तिथून मोज. बाईंचा ऑक्टोबरच्या शेवटी फोन आला, 25 तारखेला आली म्हणून. शाळेत होती ती त्या दिवशी, हजेरी लागली होती.