मतपत्रिकेची मागची बाजू

आज, ८ नोव्हेंबर २०२२. सकाळी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, हंट्सविलमध्ये मत देऊन आले. आमचं केंद्र चर्चच्या हॉलमध्ये. गव्हर्नरचं वगैरे पटकन उरकलं, पण जुनी वर्णभेदी वाक्यं काढलेली अलाबामाची नवी राज्यघटना मंजूर करायची का, या प्रश्नावर पेन थबकलं.

१९०१ च्या घटनेत 'गोऱ्या आणि रंगीत मुलांसाठी वेगळ्या शाळा' हे वाक्य आजवर छापलेलं होतं! शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालानंतर त्याला कायद्याने काही अर्थ नाही, पण काढायचं तर जनतेचं मत लागतं. २००४ मध्ये लोकांनी दोन हजारांहूनही कमी मतांच्या फरकाने नाही म्हटलं. कारण काय, तर म्हणे कर वाढतील. २०१२ मध्येही नाहीच. गोऱ्या-काळ्यांच्या आपसातल्या लग्नावरची बंदी घटनेतून २००० मध्ये काढली गेली, तेव्हाही दहातले चार जण विरोधात. (आमच्या सूनबाईंना हे सांगितलं नाहीये अजून.)

रांगेत पुढे काठी टेकत उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय आजी म्हणाल्या, "मी त्याच वेगळ्या शाळेत शिकले. पुस्तकं गोऱ्यांच्या शाळेतून जुनी होऊन यायची."

मतपत्रिकेवरचा तो एक गोल त्यांनी इतका सावकाश, कडेपर्यंत भरला की मागचे लोक चुळबुळायला लागले. मी नाही.

रात्री निकाल आला. मंजूर.