आठ महिने लिंका गोळा केल्या, चार महिने निस्तरल्या

आमची पावसजवळ हापूसची बाग आहे, बाबा आणि चुलतभाऊ बघतात, मी पुण्यात नोकरीला. २०२१च्या लॉकडाऊनमध्ये मार्केटचं काही खरं नव्हतं म्हणून मी रात्री बसून वर्डप्रेसवर एक साधी साइट केली, लोकांनी थेट आमच्याकडून पेटी मागवावी एवढंच डोक्यात. साइट बरी झाली पण गूगलवर 'रत्नागिरी हापूस ऑनलाइन' टाकलं की आम्ही कुठे तर पाचव्या पानावर, तिथे कोण येतंय मरायला.

मग एका ओळखीच्या एसईओवाल्याने (साइट गूगलवर वर आणून देणारे) सांगितलं की तुझ्याकडे बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून तुझ्या साइटकडे येणाऱ्या लिंका, नाहीत, आणि मला एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाकलं. त्या ग्रुपची भाषाच वेगळी. सकाळी उठलं की, 'डीए ३२, ट्रॅव्हल, डूफॉलो, एक्स्चेंज?' आणि खाली पाच जणांचे अंगठे. डूफॉलो म्हणजे गूगल जिचं वजन धरू शकतं अशी लिंक. डीए म्हणजे एका खासगी कंपनीने काढलेला १ ते १०० मधला आकडा, गूगल तो वापरतच नाही, हे मला फार नंतर कळलं. तोपर्यंत मी लग्नाच्या स्थळाचा पगार विचारावा तसा समोरच्याचा डीए विचारत होतो.

व्यवहार सोपा होता, तू माझी लिंक लाव, मी तुझी लावतो. समोरासमोर केलं तर पकडलं जातं म्हणून तिघांत फिरवायची, म्हणजे मी ब ला द्यायची, ब ने क ला, आणि क ने मला. फार हुशारी वाटायची त्यात. २०२२च्या पावसाळ्यापासून आठ महिन्यांत ६४ साइट जमवल्या, त्यातल्या बऱ्याच 'आमच्या मित्र साइट्स' अशा एका पानावर लावल्या. मित्र कोण तर पॅकर्स-मूव्हर्स, पाण्याच्या टाक्या साफ करणारे, एक टाइल्सवाला, दोन लग्नाचे फोटोग्राफर आणि एक कुंडली बघणारे गुरुजी. आंब्याशी संबंध असलेला एकच, कोल्हापूरकडचे एक काका, काकवी आणि गूळ विकणारे, तेही खाण्याची वस्तू म्हणून संबंध म्हणायचा.

आणि खोटं कशाला बोलू, उपयोग झाला. २०२३च्या एप्रिलमध्ये आम्ही पहिल्या पानावर आठव्या नंबरला होतो, अनोळखी लोकांचे फोन यायला लागले, बाबा खूश.

फेब्रुवारी २०२४, पेट्यांचे खोके नुकतेच छापून आलेले, आणि सर्च कन्सोलचा, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलचा, मेल आला. 'मॅन्युअल अ‍ॅक्शन', कारण काय तर साइटकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंका. मॅन्युअल म्हणजे नुसतं अल्गोरिदमने दुर्लक्ष केलं असं नाही, तिकडे कुणीतरी माणसाने बघून शेरा मारलाय. आठवड्याभरात आम्ही पहिल्या पानावरून जे गेलो ते दहाव्या पानापर्यंत शोधून सापडेनात. बाबांनी विचारलं, काय रे, यंदा फोन का येत नाहीत? मी म्हटलं मोहोर उशिरा आलाय ना, लोकांना माहितीये. (बाबांना मोहोराबद्दल सांगणारा मी!)

मग वाचायला बसलो. गूगलची सुरुवातच १९९८ला या कल्पनेवर झाली की एका साइटने दुसरीला दिलेली लिंक म्हणजे मत, आणि मत म्हटलं की मतांची देवाणघेवाण आलीच, ती आपल्याला कुणी शिकवायला नको. त्यांनी २०१२च्या एप्रिलमध्ये पेंग्विन नावाचा अपडेट आणला तो याच धंद्यासाठी. आणि नियमांत लिहिलंय, अगदी 'तू मला लिंक दे, मी तुला देतो' हे उदाहरण देऊन. मी दहा वर्षं जुनी युक्ती नवी समजून वापरत होतो.

सर्च कन्सोलमधून लिंकांची यादी उतरवली तर हजारो ओळी. घाबरलोच. बघतो तर टाइल्सवाल्याने माझी लिंक फूटरमध्ये टाकलेली, म्हणजे त्याच्या साइटच्या प्रत्येक पानावर, प्रत्येक टाइलखाली 'रत्नागिरी हापूस ऑनलाइन'. आणि दुसरी गोष्ट, लिंकेचे शब्द. ६४ पैकी पन्नासेक ठिकाणी तेच तीन शब्द, मीच ग्रुपवर कॉपी-पेस्ट करून दिलेले. खरं कोणी लिहिलं असतं तर कोणी 'पावसचे आंबे' लिहिलं असतं, कोणी नुसतं 'इथून मागवले' लिहिलं असतं. एक्सेलमध्ये तो कॉलम वरून खाली बघितला आणि मलाच लाज वाटली, शेरा मारणाऱ्याला दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

पहिली चूक, मी कोणाला न सांगता माझं मित्रांचं पान उडवलं. दोन दिवसांत ग्रुपवर बोंबाबोंब, 'भाऊने लिंक काढली, फसवलं.' मला ग्रुपमधून काढलं, आणि चिडून पंधरा जणांनी माझ्या लिंका आपणहून काढून टाकल्या! विनंत्या करून एवढ्या निघाल्या नसत्या. बाकीच्यांना मेल केले, आठ जणांनी काढल्या, दोघांनी काढायचे पाचशे रुपये मागितले, उरलेले गप्प.

काकवीवाल्या काकांना फोन केला. म्हणाले, "अवो पाव्हणं, लिंक काय खायाला मागतीया व्हय? असू द्या की." मी सगळं समजावलं तर म्हणे साइटचा पासवर्ड पुतण्याकडं, आणि पुतण्या यात्रेला गेलाय, आला की बघू.

जे निघत नव्हतं त्यासाठी डिसअव्हाव, म्हणजे या लिंका माझ्या धरू नका असं गूगलला कळवायचं. हे सर्च कन्सोलच्या मेनूत दिसत नाही, वेगळं शोधावं लागतं. साधी टेक्स्ट फाइल असते, एका ओळीवर एक साइट, नावाच्या आधी इंग्रजीत domain आणि कोलन, म्हणजे अख्खी साइट धरली जाते. मी आधी फक्त पानांचे पत्ते टाकले, म्हणजे फूटरवाल्याची दहा पानं गेली आणि बाकी तशीच. नवीन फाइल चढवली की जुनी पुसली जाते हेही लक्षात ठेवा, मी फक्त उरलेली नावं चढवून आधीची घालवली होती.

शेरा काढावा म्हणून गूगलकडे फेरविचाराचा पहिला अर्ज मी आम्ही शेतकरी आहोत, सीझन आहे, पोटावर पाय येतोय असा लिहिला. दोन आठवड्यांनी नकार आला, खाली नमुन्याला अजून शिल्लक लिंका, त्यात टाइल्सवाला पहिला. दुसऱ्या अर्जात रडगाणं काढून टाकलं. काय केलं ते कबूल केलं, ६४ साइटची शीट जोडली, कुणाला कधी मेल केला, काय उत्तर आलं, कुठली काढली, कुठली डिसअव्हाव केली. ग्रुपचा उल्लेखही केला, लपवून काय करणार होतो.

तोवर सीझन जुन्या गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप लिस्टवर निघाला. जवळपास सगळ्या पेट्या गेल्या, मार्केटला थोड्याच द्याव्या लागल्या, हे मला साइटच्या नादात दिसलंच नव्हतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात शेरा उठल्याचा मेल आला, तेव्हा बागेत खाली पडलेले आंबे आई लोणच्याला वेचत होती. नंबर परत आला का? नाही. आता तिसऱ्या पानावर आहोत, कारण आठवा नंबर त्या लिंकांमुळेच होता आणि त्यांचं वजन गेलं ते गेलंच.

काकांची लिंक मात्र परवा तपासली तर अजून आहे. पुतण्या आलाय, पण काका म्हणतात तो आता गुऱ्हाळात बिझी आहे.