कॅन्सर नव्हता, तरी जबडा कापावा लागला: माझा अनुभव

उजवीकडच्या खालच्या दाढा हलत होत्या, गाल बाहेरून फुगला होता, पण दुखत काहीच नव्हतं. जबड्यातली अशी गाठ उशिरा सापडते ती त्यामुळेच. ओपीजीवर, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर, अक्कलदाढेपासून वर कानाकडे साबणाच्या फेसासारखे काळे कप्पे दिसले आणि दोन दाढांची मुळं गाठीने अर्धी खाल्लेली. बायोप्सीत निदान आलं, अमेलोब्लास्टोमा, म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींपासून होणारी, कॅन्सर नसलेली पण हाड पोखरणारी गाठ.

पहिल्या डॉक्टरांनी ‘खरवडून काढू, छोटं ऑपरेशन आहे’ असं सांगितलं. ऐकायला बरं वाटलं. तरी दुसरं मत घेतलं, ते फार बरं झालं. ओपीजी म्हणजे सपाट चित्र. सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी स्कॅनमध्ये, कळलं की जिभेकडची हाडाची भिंत एका जागी फुटलीच आहे. मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याच्या) सर्जननी स्कॅनमधला एकेक छेद, म्हणजे काप, स्क्रीनवर दाखवला. या गाठीच्या पेशी स्कॅनमध्ये दिसणाऱ्या कडेच्याही पलीकडे हाडात शिरलेल्या असतात, म्हणून भोवतालचं 1 ते 2 सेंटीमीटर चांगलं हाडही काढायचं. गाठ एकाच पोकळीची असेल तर कधी कधी खरवडून भागतं. माझी अनेक कप्प्यांची होती, ती खरवडली तर परत येण्याची शक्यता फार.

आई सारखी विचारायची, “कॅन्सर नाही ना, मग एवढं कशाला कापायचं?” सर्जननी तिलाही बसवून तेच छेद दाखवले. मग ती काही बोलली नाही.

नवा जबडा पायाच्या हाडाचा केला. नडगीशेजारचं बारीक हाड, फिब्युला, रक्तवाहिनीसकट काढून मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. त्यासाठी आधी पायांची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, झाली. घोट्याजवळचा तुकडा तसाच ठेवतात, म्हणून चालता येतं. आयसीयूत सिस्टर ठरावीक वेळाने डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह ऐकायचं यंत्र, लावायच्या. त्यातून रक्ताचा ‘सूं-सूं’ आवाज आला की मलाच हायसं वाटायचं. जेवण नाकातल्या नळीतून, नंतर पेज.

खालच्या ओठाची नस जबड्याच्या त्याच कापलेल्या हाडातून जाते, ती गेली. हनुवटीवरून चहा ओघळला तरी कळत नाही, रुमाल हाताशी लागतो. हे मला आधी स्पष्ट सांगितलं होतं, म्हणून सोसलं.

आता इम्प्लांटचे दात बसवायचे आहेत. दहा वर्षांनीही ही गाठ उलटू शकते, त्यामुळे तपासणी चालूच राहणार. कोणी नुसत्या ओपीजीवर खरवडायचं म्हणत असेल, तर आधी बायोप्सी आणि सीटी मागा. आणि सीटीची सीडी टाकू नका, पुढच्या वेळी जुनं-नवं शेजारी ठेवूनच बघतात.